रांजणातले खडे

मे महिन्याच्या सुट्टीत पाटणला एका कुटुंबाच्या भेटीस आम्ही गेलो असता ओसरीवर दोन सख्ख्या भावांचा चांगलाच वाद जुंपलेला दिसला. वादाचे कारण एक चित्रकथा होती. मागील कित्येक अंकांत शहरेच्या शहरे उद्ध्वस्त करणारा त्या कथेतील खलनायक नव्या अंकात एकाएकी सुधारतो आणि नायकाच्या खांद्याला खांदा लावून लढू लागतो. थोरल्या भावास हा पालट आवडला होता. धाकट्यास तो मुळीच मान्य नव्हता. "फादर, तो चांगला झाला की गोष्टीतली मजाच गेली," अशी त्याची तक्रार. आम्ही नेहमीच्या सवयीने उधळ्या पुत्राचा दाखला दिला. मुलाने तो शांतपणे ऐकून घेतला आणि विचारले, "पण ह्यानं आधी जी माणसं मारली, त्यांचं काय?"

उधळ्या पुत्राने कोणाचा खून केला नव्हता, हे त्या क्षणी आमच्या ध्यानी आले. चहा घेऊन आम्ही निघालो, परंतु तो प्रश्न कोयनेच्या काठाकाठाने कराडपर्यंत आमच्या सोबतीस होता. खलनायक सुधारलेला बरा, की गुन्हेगार म्हणूनच राहिलेला बरा? वरवर पाहता हा मुलांच्या करमणुकीचा प्रश्न आहे. परंतु कथांमध्ये आपण खलनायकाचे जे करतो, तेच बहुधा समाजात गुन्हेगाराचे करू पाहतो. या प्रश्नाचे एक उत्तर आपल्याच सातारा-सांगलीच्या मातीत १९३९ साली शोधले गेले होते. त्याकडे वळण्यापूर्वी थोडे मागे जाऊ.

वाल्या आणि अंगुलिमाल

मराठी माणसाला सुधारलेला खलनायक काही नवा नाही. 'वाल्याचा वाल्मीकी होणे' हा वाक्प्रचार आपल्या घराघरांत आहे. वाटसरूंना लुटणारा वाल्या दर हत्येमागे एक खडा रांजणात टाकीत असे आणि असे सात रांजण भरले होते, ही लोककथा आपण लहानपणी ऐकली आहे. नारदमुनी त्याला एकच गोष्ट करावयास सांगतात: घरी जा आणि माझ्या पापात वाटेकरी व्हाल का, असे बायकामुलांना विचार. वाटेकरी व्हावयास कोणीही तयार होत नाही. वाल्याचे मन पालटते ते या नकाराने. पाप हे ज्याचे त्याचे असते, ते दुसऱ्याच्या खाती टाकता येत नाही, हे सत्य त्याला उमगते. आपल्या पापनिवेदनाच्या संस्काराचा पायाही हाच आहे. तेथे आपण 'माझ्या अपराधामुळे' असे म्हणतो, शेजाऱ्याचे नाव घेत नाही.

परंतु कथेत एक जागा रिकामी राहते. वाल्या नामस्मरणास बसतो, त्याच्याभोवती वारूळ वाढते, तो ऋषी होतो. त्या सात रांजणांचे पुढे काय झाले, हे कोणी सांगत नाही. एकेक खडा म्हणजे एकेक माणूस होता. त्यांच्या घरी काय चालले होते? पाटणच्या त्या मुलाने नेमकी हीच रिकामी जागा हेरली होती.

बौद्ध परंपरेतील अंगुलिमालाची कथा या बाबतीत अधिक कठोर आहे. बोटांची माळ गळ्यात घालणारा हा दरोडेखोर भगवान बुद्धांचा भिक्षू झाला. मग तो भिक्षेस निघाला, तेव्हा लोकांनी त्याला ढेकळांनी, काठ्यांनी आणि दगडांनी मारले. डोके फुटलेल्या, पात्र भंगलेल्या अवस्थेत तो परत आला असता, हे तुझ्या कर्माचे फळ आहे, ते सहन कर, असेच बुद्धांनी त्याला सांगितले. मन पालटले म्हणून हिशेब पुसला गेला, असे ही कथा म्हणत नाही.

अनंत पै यांनी १९६७ साली सुरू केलेल्या 'अमर चित्र कथा' मालिकेत वाल्मीकी आणि अंगुलिमाल हे दोघेही चित्ररूपाने आले. आमच्या पिढीला आणखी एक आठवण आहे. टाइम्स समूहाच्या 'इंद्रजाल कॉमिक्स'मध्ये १९७६ साली आबिद सुरती यांनी 'बहादूर' नावाचा भारतीय नायक आणला. हा बहादूर एका डाकूचा मुलगा होता. ज्या पोलीस अधिकाऱ्याच्या हातून बाप मारला गेला, त्यानेच त्याला वाढविले. बापाचा सूड घेण्याऐवजी मुलगा गावाच्या रक्षणासाठी उभा राहिला. त्या काळी हे वाचकांना पटले, कारण वर्तमानपत्रांतही तेच घडत होते. १९६० साली विनोबाजींपुढे चंबळच्या खोऱ्यातील वीस डाकूंनी शस्त्रे ठेवली होती, आणि १९७२ साली जयप्रकाश नारायण यांच्या प्रयत्नाने तेथे फार मोठ्या संख्येने आत्मसमर्पण झाले होते.

सहानुभूतीस बंदी

पाश्चात्त्य चित्रकथांचा इतिहास मात्र उलट दिशेने गेलेला दिसतो. बॅटमनच्या मालिकेत १९४२ साली 'टू-फेस' हा खलनायक आला. तो मूळचा प्रामाणिक सरकारी वकील. चेहऱ्याची एक बाजू जळून विद्रूप झाल्यावर तो गुन्हेगारीकडे वळतो. १९४३ साली लेखकांनी त्याचा चेहरा शस्त्रक्रियेने पूर्ववत करून त्याला सुधारले आणि संसारास लावले. हा शेवट मोठा समाधानकारक होता. पण चांगला खलनायक हातचा गेला! १९५४ साली लेखकांनी त्याचा चेहरा पुन्हा बिघडविला आणि त्याला गुन्हेगारीत परत आणले. तेव्हापासून तो बहुतांशी तेथेच आहे. दर महिन्याला अंक निघायचा तर शत्रूही दर महिन्याला हवा. अशा कथेत खलनायकाची सुधारणा त्याच्या मनावर अवलंबून नसते, ती विक्रीवर अवलंबून असते. धाकट्या भावाला आलेला कंटाळा त्यामुळे अगदीच अनाठायी नव्हता. खलनायकाचा पालट उद्या लेखक मागे घेणार आहे, हे मुलांना मोठ्यांपेक्षा आधी कळते.

त्याच १९५४ साली अमेरिकेतील प्रकाशकांनी स्वतःवर एक आचारसंहिता लादून घेतली. चित्रकथांमुळे मुले बिघडतात असा गदारोळ तेथे उठला होता आणि त्याची चौकशी सिनेटपर्यंत गेली होती. गुन्हेगाराविषयी सहानुभूती वाटेल असे चित्रण करू नये, आणि शेवटी सज्जनाचाच विजय होऊन गुन्हेगारास शिक्षा झालीच पाहिजे, असे त्या संहितेचे म्हणणे होते. पुढे तिचा अंमल सैल होत गेला आणि २०११ साली उरलेल्या प्रकाशकांनीही ती सोडून दिली.

या प्रकरणात आपल्या धर्मसभेचाही हात होता, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. अमेरिकेतील महागुरूंनी १९३८ साली सभ्य वाङ्मयासाठी एक संघटना स्थापन केली होती आणि तिची नजर पुढे चित्रकथांवरही राहिली. १९४८ साली न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे एका कॅथॉलिक शाळेच्या आवारात मुलांकडून चित्रकथांची होळी करविण्यात आली. हेतू मुलांच्या भल्याचा होता, यात शंका नाही. परंतु गुन्हेगाराविषयी सहानुभूती नको, हा नियम काटेकोरपणे लावला असता संत लूकच्या शुभवर्तमानाचा तेविसावा अध्याय छापता आला नसता. तेथे एक शिक्षा झालेला अपराधी प्रभूच्या शेजारी क्रुसावर आहे, आणि त्याच्याविषयी सहानुभूती वाटू नये असे त्या वृत्तान्तात काहीच नाही.

खलनायक कोण ठरवतो?

आपल्या भूमीत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. कोणास खलनायक म्हणावे, हे बहुधा सत्ता ठरवीत आली. पुरंदरच्या मुलखात उमाजी नाईक यांना कंपनी सरकारने बंडखोर व लुटारू ठरविले, मधल्या काळात माफी देऊन चाकरीतही घेतले, आणि ते पुन्हा उठले तेव्हा ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फाशी दिले. सरकारच्या लेखी तो 'न सुधारलेला' गुन्हेगार होता. आज आपण त्यांना आद्य क्रांतिकारक म्हणून वंदन करतो.

याहून भयंकर गोष्ट १८७१ साली घडली. गुन्हेगार जमातींचा कायदा करून ब्रिटिश सरकारने जातीच्या जाती जन्मानेच गुन्हेगार ठरविल्या. तान्ह्या मुलाने पाळण्यात असतानाच गुन्हा केला आहे, असे मानण्यासारखेच हे होते. रोजची हजेरी, गाव सोडण्यास परवानगी, सोलापूरसारख्या ठिकाणी तारांच्या कुंपणातील वसाहती, अशी ती व्यवस्था होती. देशात अशा काही वसाहती ख्रिस्ती संस्थांच्याही हाती सोपविल्या होत्या. त्यांत साल्व्हेशन आर्मीचे नाव प्रथम घेतले जाते. तेथे शाळा आणि धंदेशिक्षण मिळाले हे खरे, आणि कुंपण तसेच राहिले हेही खरे. हा कायदा १९५२ साली रद्द झाला. जे कलंकित झाले त्यांच्या माथ्यावरील शिक्का अद्याप पुरता पुसलेला नाही.

सांगली जिल्ह्यातील वाटेगावी १ ऑगस्ट १९२० रोजी जन्मलेल्या अण्णा भाऊ साठे यांनी 'फकिरा' ही कादंबरी १९५९ साली लिहिली. दुष्काळात भुकेल्या माणसांसाठी खजिना आणि धान्य लुटणारा फकिरा सरकारदरबारी गुन्हेगार आहे आणि वाचकाच्या मनात नायक. त्याला सुधारण्याची गरज नाही; सुधारावयास हवे ते त्याच्यावर शिक्का मारणारे राज्य. तेव्हा खलनायक सुधारावा की नाही, हे विचारण्याआधी तो खरोखर खलनायक आहे का, हे विचारणे आले.

आटपाडीचा माळ

आता त्या १९३९ सालाकडे येऊ. औंध हे साताऱ्याकडील एक छोटे संस्थान. त्याचा मुलूख सलग नव्हता. औंध, आटपाडी, कुंडल असे त्याचे तुकडे दूरदूर पसरलेले होते. अधिपती श्रीमंत भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे सूर्यनमस्कारांचे पुरस्कर्ते आणि स्वतः चित्रकार. लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० साली कुंडलच्या माळावर कारखान्यासाठी जागा दिली ती यांनीच. त्या किर्लोस्करवाडीतही पूर्वी शिक्षा भोगलेल्या माणसांना राखणदारीचे काम दिले गेले होते. ज्याच्यापासून राखायचे, त्यालाच राखण्यास ठेवायचे, हे धाडस त्या परिसरात तेव्हापासून होते.

जानेवारी १९३९ मध्ये राजेसाहेबांनी गांधीजींच्या सल्ल्याने आपली सत्ता प्रजेच्या स्वाधीन करणारी राज्यघटना जाहीर केली. या प्रयोगात त्यांचे पुत्र अप्पासाहेब पंत यांच्याबरोबर एक परदेशी गृहस्थ होते: मॉरिस फ्रीडमन. पोलंडमधील ज्यू कुटुंबात जन्मलेले हे अभियंते भारतात येऊन 'भारतानंद' झाले होते. त्यांच्या कल्पनेतून आटपाडीजवळ एक मुक्त तुरुंग उभा राहिला. त्याला भिंती नव्हत्या. गंभीर गुन्ह्यांची शिक्षा झालेले कैदी तेथे राहत, जमीन कसत आणि आपल्या बायकामुलांसह संसार करीत. त्या वसाहतीचे नाव 'स्वतंत्रपूर'. तुरुंगास असे नाव देणारे राज्य विरळाच!

माणदेशचा तो भाग आम्ही पाहिला आहे. पाटणकडून गेलेल्या माणसास तो परका वाटतो. आमच्याकडे कोयनेच्या खोऱ्यात पावसाळ्यात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. तिकडे खडकाळ माळ आणि ढगांची वाट पाहणारी माणसे. अशा जमिनीत पीक काढणे हे स्वतःच एक प्रायश्चित्त होते. जमीन पश्चात्तापाचे शब्द ऐकत नाही. तिला रोज पाणी द्यावे लागते, दगड वेचावे लागतात. आज चित्र पालटू लागले आहे. कराडच्या प्रीतिसंगमावर कोयना कृष्णेस मिळते आणि पुढे टेंभू येथे उचललेले पाणी आटपाडीकडे जाते. पाटणच्या पावसाचा काही वाटा अशा रीतीने त्या माळापर्यंत पोहोचतो.

१९४८ साली औंध संस्थान विलीन झाले, परंतु स्वतंत्रपूर बंद पडले नाही. राज्याच्या कारागृह विभागाची खुली वसाहत म्हणून ते पुढे चालू राहिले. त्याचा मूळ नियमही टिकला: कैद्याने कुटुंबासह राहावे आणि कष्टाने कमवावे.

जगाला ही हकीकत कळली ती चित्रपटातून. आटपाडी तालुक्यातील शेटफळे गावी जन्मलेले ग. दि. माडगूळकर यांच्या कथेवर व्ही. शांताराम यांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' काढला. सहा खुनी, एक जेलर आणि एक उजाड माळ. कैद्यांच्या बारा हातांवर जेलरच्या दोन डोळ्यांचा पहारा असतो. तो जवळ नसतानाही त्या डोळ्यांची आठवण त्यांना आवरते. या चित्रपटास राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले आणि १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात रौप्य अस्वल. त्याच महोत्सवात त्याला आंतरराष्ट्रीय कॅथॉलिक चित्रपट संघटनेचाही पुरस्कार लाभला, हे आपल्या वाचकांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. दहा वर्षांपूर्वी अमेरिकेत एका कॅथॉलिक शाळेने चित्रकथांची होळी केली होती. येथे कॅथॉलिक परीक्षकांनी सहा खुनी माणसांच्या कथेचा गौरव केला. धर्मसभाही शिकत असते.

चित्रपटात शेवटी जेलर मरण पावतो आणि त्याच्या बलिदानाने कैद्यांचे मन कायमचे बांधले जाते. प्रत्यक्ष स्वतंत्रपूर असे एका माणसाच्या डोळ्यांवर टिकले नसते. ते टिकले नियमांवर, कष्टांवर आणि बायकामुलांच्या सहवासावर. वाल्याच्या कुटुंबाने पापात वाटा नाकारला होता. येथे कुटुंबाने प्रायश्चित्तात वाटा घेतला.

आमची एक चूक

येथवर आल्यावर 'सुधारलेला खलनायकच श्रेष्ठ' असा निकाल देऊन लेख संपविता आला असता. परंतु आमच्या हातून घडलेली एक चूक आम्हांस तसे करू देत नाही.

पुष्कळ वर्षांपूर्वी, आमच्या पूर्वीच्या एका धर्मग्रामात, बांधाच्या वादातून चुलतभावाचा जीव घेतलेला एक गृहस्थ शिक्षा भोगून परत आला. तुरुंगात त्याचे मन खरोखर पालटले होते. आम्हांस फार आनंद झाला. त्याच वर्षी शुभशुक्रवारच्या उपासनेत आम्ही त्याला वाचनासाठी उभे केले. लोकांपुढे केवढा जिवंत दाखला, असे आमच्या मनात होते. त्याने वाचावयास प्रारंभ करताच मागच्या बाकावरून एक स्त्री उठली आणि शांतपणे निघून गेली. ती मृताची विधवा होती. दुसऱ्या दिवशी आम्ही तिच्या घरी गेलो. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, "फादर, तुम्ही त्याला माफ केलंत. गावानं केलं. मला कुणी विचारलंच नाही."

आम्ही निरुत्तर झालो. एका सुंदर कथेच्या मोहात आम्ही तिच्या दुःखाचा वापर केला होता. रांजणातला खडा आमच्याच मंदिरात मागच्या बाकावर बसला होता आणि तो आम्हांस दिसला नव्हता.

त्या गृहस्थास मात्र आमच्याहून अधिक कळत होते. त्याने पुन्हा वाचनास उभे राहण्यास नम्रपणे नकार दिला. ज्या पट्टीवरून खून झाला होता ती जमीन त्याने तिच्या मुलांच्या नावे करून दिली आणि दर पावसाळ्याआधी तो तिच्या शेताची ताल घालून देऊ लागला. ती त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या वर्षी तिने बांधावर पाण्याची कळशी ठेवलेली आम्ही पाहिली. याहून अधिक आम्हांस ठाऊक नाही आणि याहून अधिक विचारण्याचा अधिकारही आम्हांस नव्हता.

धर्मविद्यालयात आम्हांस शिकविले होते की पश्चात्तापाला तीन अंगे असतात: मनाचा पालट, पापाची कबुली आणि झालेल्या हानीची भरपाई. जक्कय हे जाणून होता. प्रभू त्याच्या घरी उतरला तेव्हा त्याने केवळ अश्रू ढाळले नाहीत. ज्यांना फसविले त्यांना चौपट परत देईन, असे तो म्हणाला. चित्रकथांतील बहुतेक सुधारलेल्या खलनायकांपाशी पहिले अंग असते, क्वचित दुसरे असते, तिसरे जवळजवळ कधीच नसते.

हे तिन्ही एकत्र आल्याचे एक उदाहरण आपल्या काळात घडले. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी मध्य प्रदेशात गरिबांची बाजू घेणाऱ्या सिस्टर राणी मारिया यांची बसमधून प्रवास करीत असता हत्या झाली. मारेकरी समंदर सिंग यास शिक्षा झाली. २००२ साली राणी मारियांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी, तुरुंगात गेली आणि तिने त्याच्या हाती राखी बांधली. पुढे सुटका झाल्यावर तो केरळात जाऊन त्या कुटुंबापुढे उभा राहिला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे राणी मारिया यांना धन्य घोषित करण्यात आले. येथे क्षमा आली ती ज्यांचे माणूस गेले त्यांच्याच हातून, हे विसरू नये. पोप फ्रान्सिस यांनी २०१८ साली धर्मशिक्षण ग्रंथात बदल करून देहान्त शिक्षा अमान्य ठरविली. अपराध्याला पालटण्याचा अवसर राहिला पाहिजे, हे त्यामागील एक कारण आहे.

कालवारीवर क्रूस तीन होते. दोन अपराधी, एकच शिक्षा, एकच प्रभू शेजारी. एक पालटला, दुसरा पालटला नाही. शुभवर्तमानकाराने दुसऱ्यास बळेच सुधारले नाही, म्हणूनच पहिल्याचा पालट खरा वाटतो. पालटलेल्याने आपल्या शिक्षेविषयी तक्रारही केली नाही. आपण भोगतो ते आपल्या कृत्यांचे योग्य फळ आहे, असे तो म्हणाला. त्याला स्वर्ग मिळाला, क्रूस मात्र सुटला नाही. परंपरेने त्याला दिस्मास हे नाव दिले. दुसऱ्याच्या शेवटच्या क्षणी काय घडले, हे देवालाच ठाऊक.

पाटणच्या त्या धाकट्या मित्रास आम्ही आता एवढेच सांगू: बाळा, तुझी शंका योग्य होती. खलनायक सुधारावा, पण लेखकाच्या सोयीने सुधारू नये. त्याला न सुधारण्याचीही मोकळीक असावी, आणि सुधारलाच तर त्याने रांजणापाशी बसून एकेक खडा हाती घ्यावा. ती गोष्ट लांबेल. तिच्यात लढाया कमी आणि बांधबंदिस्ती अधिक असेल. आणि तुझ्या थोरल्या भावाचेही खरे आहे, कारण अशा गोष्टीची वाट पाहणे आपण सोडले, तर पापनिवेदनासाठी गुडघे टेकण्यात तुम्हां-आम्हां कोणासच काही अर्थ उरणार नाही.